साडूच्या गुऱ्हाळातलं चॉकलेट

लोक काशीला जातात, काश्मीरला जातात आणि परत आल्यावर प्रवासवर्णनं लिहितात. मी साताऱ्याहून वाळवा तालुक्यात साडूच्या मळ्यावर गेलो, दोन रात्री राहिलो, परत आलो आणि लिहायला बसलो आहे. अंतर काही फार नाही. पण ज्या माणसाचं आपल्यापेक्षा बरं चाललंय त्याच्या घरी पाहुणा म्हणून जायचं, त्याचं वैभव कोपरान्‌कोपरा हिंडून बघायचं आणि वर ‘वा, छान केलंय’ असं म्हणायचं, हा प्रवास ज्यांनी केलाय त्यांनाच त्याची लांबी ठाऊक. ज्यांनी केलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो.

आमचं साताऱ्यात कंदी पेढ्यांचं दुकान आहे. आजोबांनी काढलं, वडिलांनी वाढवलं, मी सांभाळतो. खवा चांगला तांबूस होईपर्यंत भाजायचा, गावोगावच्या पांढऱ्याफटक पेढ्यांत आणि आमच्या पेढ्यांत फरक असेल तर तो एवढाच. त्या भाजण्यावर आमच्या तीन पिढ्या जेवल्या.

यशवंतराव माझा साडू. हिच्या धाकट्या बहिणीचा, शालनचा नवरा. घरचा ऊस, शिवाय फौजेत मेसवर नोकरी, आणि सुभेदार होऊन गावी आलेला. दिवाळीला आम्ही दोघं जावई पाटणला सासुरवाडीला गेलो की सासरे माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा देवापुढं ठेवायचे आणि अंगणात जाऊन त्याच्या जीपभोवती फिरायचे. हे मी वर्षानुवर्षं बघितलं. तेव्हा पुढं जे लिहिलंय ते एका जळणाऱ्या माणसानं लिहिलंय, हे धरूनच वाचा.

तर या सुभेदारानं, ऊस कारखान्याला जायला लागल्यापासून बंद पडलेल्या आपल्या गुऱ्हाळात, चॉकलेटचं संग्रहालय काढलं. फौजेत त्याचा एक केरळी दोस्त होता, त्याच्या घरी कोकोची झाडं. तो वाळवलेल्या बिया पोत्यांनी पाठवायचा. ही बातमी आली तेव्हा मी गिऱ्हाइकांसमोर पोट धरून हसलो. संग्रहालय म्हणजे ढाली-तलवारींचं, नाहीतर चित्रांचं. गोळ्या-चॉकलेटचं कसलं संग्रहालय? पुढं हळूहळू माझ्या दुकानात पेढे घेता घेता लोक सांगायला लागले, “कोल्हापूरहून येताना सुभेदारांचं चॉकलेट बघून आलो हो. काय केलंय त्या माणसानं!” मी पुडा बांधायचो आणि दोऱ्याची गाठ जरा जास्तच आवळायचो.

तरी हे सगळं मी गिळलं असतं. पण आमची वैजू तिकडं गेली.

वैजू माझी एकुलती एक. बारावीनंतर दुकानातच असायची, पेढे वळायला, पुडे बांधायला. दिवाळीनंतर आठ दिवस मावशीकडं म्हणून गेली ती पौष आला तरी परतली नाही. एके दिवशी फोन आला, “आप्पा, मी इथंच राहीन म्हणते. इथं काम आहे मला.” मी ‘का गं’ एवढंच विचारलं आणि लाइन कट झाली. आपोआप झाली की तिनं केली हे मला अजून कळलेलं नाही.

“जाऊन घेऊन या तिला,” ही म्हणाली. “ओरडू मात्र नका. आणि जाताना पेढे न्या.”

“चॉकलेटवाल्याच्या घरी पेढे कशाला? त्याच्याकडं गोडाला काय तोटा आहे?” असं म्हणून मी रिकाम्या पिशवीनं घराबाहेर पडलो. आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांकडं पेढ्यांशिवाय निघालो होतो, आणि त्याचं मला त्या वेळी समाधानसुद्धा वाटत होतं.

चाकलेट फाटा

कऱ्हाड स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मनानं जरा खाल्लं. अगदीच हात हलवत कसं जायचं? म्हणून मोसंबी घेतली. पुढं हायवेला उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून लोंबणारा ऊस एका पोक्त गृहस्थानं एसटीच्या खिडकीतून हात घालून उपसला आणि शेजाऱ्यांना कांडी कांडी वाटून दिला. मलाही मिळाली. ती खात मी वैजूला काय काय सुनवायचं ते मनात घोकत होतो. घरदार सोडून दुसऱ्याच्या मळ्यात राहतेस? आईचा विचार केलास? दुकान कुणासाठी चालवतोय मी?

कासेगाव मागं पडलं आणि कंडक्टर ओरडला, “चाकलेट फाटा! चला, चाकलेट फाटा उतरा!”

मी त्याला म्हटलं, “अहो, मला सुभेदारांच्या मळ्याच्या फाट्यावर उतरायचंय.”

“त्योच की ह्यो. उतरा.”

एसटीच्या थांब्याला साडूच्या उद्योगाचं नाव पडलेलं! आमच्या दुकानाला तीन पिढ्या झाल्या, आणि आजही लोक ‘मारुतीच्या देवळासमोरचं पेढ्याचं दुकान’ असं म्हणतात. देवळाच्या आधारानं आमची ओळख. मी खाली उतरलो आणि गाडी धूळ उडवून गेली.

शालन ओट्यावरच होती. “आवं, दाजी! एकटंच? ताई न्हाई आली?” म्हणत तिनं पाणी दिलं, माझी पिशवी घेतली, आत हात घातला आणि थांबली. “मोसंबी? कोण आजारी हाय म्हणायचं आमच्यात?”

“सहज आणली.”

“आन् पेढं?”

“संपले होते,” मी म्हणालो.

पेढेवाल्याचे पेढे संपले होते, हे ऐकून शालननं माझ्याकडं असं बघितलं की तिला सगळं कळलंय हे मलाही कळलं. पण ती बहिणीसारखीच शहाणी. मोसंबी फडताळात ठेवून चहा टाकायला गेली.

वैजू कुठं दिसेना. “कामात हाय ती,” शालन आतून म्हणाली. “उद्या रविवार न्हवं का, लय गर्दी असती. बियांची सालं काढत बसल्यात पोरी.”

बाप आलाय हे कळूनही ती बाहेर आली नाही. मग सुभेदार आला. तसाच ताठ, मिशीला तेल, अंगात फौजेचा जुना स्वेटर. “या पाव्हणं! च्या घ्या आन् चला, माझं म्युझम बघा. आंधार पडायच्या आत बघितलं पायजे.”

गुऱ्हाळात

खोटं कशाला बोलू, बघण्यासारखं केलं होतं. शेडच्या भिंती पांढऱ्या करून इस्लामपूरच्या एका पेंटरकडून त्यांवर चॉकलेटचा इतिहास रंगवून घेतला होता. अमेरिकेतल्या कुठल्याशा जुन्या राजानं हे पेय आधी प्यायलं म्हणे. त्या राजाला पिसांचा टोप हवा होता, पण पेंटरनं त्याला झकास फेटा बांधून त्यात मोरपिसं खोचली होती आणि खाली कल्लेदार मिशा सोडल्या होत्या. शिराळ्याच्या नागपंचमीच्या मिरवणुकीत हा राजा पुढं चालला असता तर कुणाला शंका आली नसती.

“मी म्हटलं त्याला, आरं मिशा नसत्यात ह्या लोकास्नी,” सुभेदार सांगत होता. “तर म्हनला, राजा हाय का न्हाई? मंग मिशा पायजेतच.”

पुढच्या भिंतीवर ती बी जहाजातून युरोपात चालली होती. जहाजं म्हणजे सांगलीच्या घाटावरच्या होड्याच, वरती शीड लावलेल्या. मला हसू येत होतं आणि मी ते येऊ देत नव्हतो. हसलो असतो तर त्याला वाटलं असतं, मला आवडलं.

किराणा दुकानातल्या जुन्या काचेच्या कपाटात वाळलेली कोकोची बोंडं ठेवली होती, जून झालेल्या दोडक्यासारखी दिसणारी. शेजारी पाचगणीच्या एका शाळेच्या भटारखान्याच्या लिलावातून आणलेले पत्र्याचे साचे, सशाचे, अंड्याचे, बुटाचे. विलायती डबे, त्यांवर गोबऱ्या गालांची मुलं. फौजी शिध्यात मिळणाऱ्या चॉकलेटचं वेष्टन, घडीवर फाटलेलं, पण काचेखाली सरळ लावलेलं. ते दाखवताना मात्र सुभेदाराचा आवाज उतरला. “बर्फात हुतो तवाचं हाय. अर्दा तुकडा मी खाल्ला, अर्दा दोस्तानं. ह्याची आमच्या घरी झाडं हायती, म्हनला तवा. तिथनं डोस्क्यात बसलं माझ्या.”

मग त्यानं मला फुलपात्रातून त्या जुन्या राजाचं पेय दिलं. कुटलेला कोको, पाणी आणि मिरची. सर्दीवरचा काढा बरा असं ते प्रकरण. “साखर लय मागनं पडली ह्यात,” तो म्हणाला. मी फुलपात्र संपवलं, कारण अर्धं ठेवलं असतं तर तो जिंकला असता.

शेवटी एक रिकामं कपाट होतं. त्यापुढं उभं राहून तो म्हणाला, “पाव्हणं, एक मागनं हाय. हितं मला आपल्या मुलखातलं गोड ठिवायचंय. तुमच्या आज्ज्याची ती तांब्याची कढई द्या की मला. काचेत ठिवतो, खाली तुमचं नाव घालतो.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “ती कढई रोज पहाटे भट्टीवर चढते, सुभेदार. काचेत ठेवतात त्या बंद पडलेल्या वस्तू. आम्ही अजून बंद पडलेलो नाही.”

“तसं न्हाई म्हनालो मी,” तो गडबडून म्हणाला.

पण मला ते तसंच ऐकू आलं होतं. रात्रीच्या जेवणात शालननं आख्ख्या मसुराची आमटी आणि भाकरी केली होती, माझ्या आवडीची. मी मुकाट जेवलो. वैजूनं वाढलं. “आई कशी आहे?” विचारलं. “बरी आहे,” म्हणालो. घोकून ठेवलेलं एकही वाक्य तोंडातून निघेना, कारण पोरगी माझ्या घरात कधी दिसली नव्हती इतकी खुशीत दिसत होती. त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं.

रविवार

दहाच्या सुमाराला फाट्यावर गाड्या लागायला लागल्या. कारखान्यातले लोक बायकामुलं घेऊन आले. महाबळेश्वरहून परतणारी नवीन जोडपी आली. एका शाळेची सहलसुद्धा आली. मी एका खांबाला टेकून, गिऱ्हाइकं मोजायची नाहीत असं ठरवून, गिऱ्हाइकं मोजत उभा राहिलो.

शेडच्या टोकाला गुऱ्हाळाचं जुनं चुलवाण अजून होतं, उसाच्या चिपाडांवर पेटणारं. त्याचं तोंड लहान करून वर लोखंडी कढई बसवली होती. मागच्या भिंतीवर पाटी होती, ठळक तांबड्या अक्षरांत: ‘कारागीर – कु. वैजयंती’. मी ती पाटी वाचली, आणि पुन्हा वाचली. आमच्या दुकानाच्या पाटीवर आजोबांचं नाव आहे. माझंसुद्धा नाही.

वैजू आली, पदर खोचला, कढईत बिया टाकल्या आणि उलथण्यानं हलवायला लागली. भोवती लोकांचं कडं झालं. दोन पोरी शेजारी सुपांनी भाजक्या बिया पाखडत होत्या, टरफलं उडून जात होती. पलीकडं इडलीचं पीठ वाटायचा बेळगावहून आणलेला रगडा फिरत होता आणि त्यात तो काळा लगदा गुळगुळीत होत होता. पण सगळ्यांची नजर वैजूवर. आणि ती बोलत होती! घरात तोंडातून शब्द न काढणारी माझी पोरगी शंभर माणसांसमोर सांगत होती, “वासाकडं लक्ष ठेवायचं. वास बदलला की उतरवायचं. डोळ्यांना दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.”

हे वाक्य माझं. माझ्या वडिलांचं. दुकानातल्या गड्यांना मी ते इतक्यांदा ऐकवलंय की ते माझ्यामागं नकला करतात. ती पलीकडं बसून पेढे वळता वळता ऐकत होती तर! आमच्यात कढईवर पुरुषमाणूस बसतो. पोरींनी वळायचं, बांधायचं. एकदा मला ताप होता तेव्हा तिनं खवा भाजला होता आणि गिऱ्हाइकांना फरक कळला नव्हता. मी बरा झालो आणि ती परत वळायला बसली. मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. आता माझं वाक्य, माझा हात, माझी पोरगी, सगळं साडूच्या शेडमध्ये बघून मला इतका मत्सर वाटला की मी गिऱ्हाइकं मोजायचंसुद्धा विसरलो. सुभेदार एका कोपऱ्यातून तिच्याकडं कौतुकानं बघत होता. जीपकडं सासरे बघायचे तसा नव्हे, बाप बघतो तसा.

दुपार कलली आणि घरातून शालनची हाक आली. फोन होता. सुभेदाराची सून बाळंतपणाला इस्लामपूरला माहेरी गेलेली. सुभेदार धावत गेला आणि तसाच धावत परत आला.

“नात झाली! नात झाली मला!” तो ओरडला. सहलीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं आनंदानं इकडंतिकडं बघितलं आणि त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली. “पेढं! पाव्हणं, पेढं काढा! मंडळी, हे माझे साडू, साताऱ्याचे पेढेवाले. देवानंच धाडल्यात बघा आज!”

शेडमधले सगळे लोक माझ्याकडं वळले. मी कुठं बघावं ते मला कळेना. शालन दारात उभी राहून माझ्याकडंच बघत होती.

“पेढे... आणले नाहीत,” मी म्हणालो.

“म्हंजे?”

“मोसंबी आणली आहे.”

लोक हसले. तो विनोद नव्हता हे फक्त आम्हा घरच्यांना ठाऊक. कारखान्यातला कुणीतरी म्हणाला, “सुभेदार, चॉकलेट वाटा की! ढिगानं हाय हितं.”

“आरं, चाकलेट कोन वाटतंय व्हय?” सुभेदार त्याच्यावर खेकसला. “नात झालीया मला, वाडदिवस न्हाई कुनाचा!”

त्याच्या पाठीमागं कपाटभर चॉकलेट होतं, भिंतीभर चॉकलेटचा इतिहास होता, आणि तो तोंड पाडून उभा होता. एक म्हातारे गृहस्थ समजुतीनं म्हणाले, “मुलगी म्हटल्यावर बर्फी असती न्हवं? पेढं पोराला.”

“न्हाई. पेढंच,” सुभेदार म्हणाला.

मी बाह्या सरसावल्या. काय झालं मला सांगता येत नाही. “दूध काढायची वेळ झालीय ना? डेअरीला जाऊ देऊ नका. सगळं इकडं आणा. कढई घासून द्या. आणि साखर.”

चुलवाणापुढं

सुभेदाराच्या म्हशींचं दूध चांगलं होतं. हेही मला मान्य करावं लागलं. कढईत ओतलं, आणि इतका वेळ वैजूभोवती असलेलं कडं माझ्याभोवती झालं. भिंतीवरच्या राजाकडं कुणी बघेना. मला बरं वाटलं. मी जरा नाटकीपणानंच उलथणं फिरवायला लागलो.

वैजू चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडं सारत होती. माझ्याकडं न बघता तिनं हळूच विचारलं, “आप्पा, मी झाले तेव्हा काय वाटलं होतं आपल्याकडं?”

“बर्फी.”

“पेढ्याच्या दुकानात?”

“रीत होती तशी.”

तिनं चिपाडाची मूठ आत टाकली.

दूध आटत आलं तसा माझा घोळ सुरू झाला. साताऱ्यात माझी कोळशाची भट्टी, संथ आणि एकसारखी. चिपाडाचा जाळ म्हणजे भडकला की अंगावर येतो आणि विझला की राखच. खवा कढईच्या पोटाला धरायला लागला. मी जोर लावला, घाम पुसला, “जाळ कमी कर” म्हणालो, लगेच “वाढव” म्हणालो. भोवती शंभर माणसं. वास बदलायला लागला, आणि तो चांगला बदल नव्हता. त्या क्षणी मी घाबरलो होतो. साताऱ्याचा पेढेवाला साडूच्या दारात नातीच्या आनंदाचा खवा करपवणार!

वैजू उठली. हात पुढं केला आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, “उलथणं इकडं द्या, आप्पा. तुम्ही साखर बघा.”

मी दिलं.

तिनं सुपावरच्या एका पोरीला जाळाशी बसवलं, “मूठ मूठ टाक, मी सांगेन तेव्हाच,” असं बजावलं, आणि कढईचं पोट खरवडून खवा असा उचलला की पाहणाऱ्यांना काही बिघडलं होतं हे कळलंसुद्धा नाही. मी साखर घातली. तिनं भाजलं. रंग तांबूस झाला, आणि दोघांच्या माना एकदमच वर झाल्या. वास आला होता. तिनं कढई उतरवली.

पेढे सगळ्यांनी वळले, शालननं, सुपावरच्या पोरींनी, सहलीच्या बाईंनीसुद्धा. पहिला देवापुढं गेला, दुसरा सुभेदाराच्या तोंडात. तो बराच वेळ चघळत राहिला. लोक पेढे घेऊन पांगले तसा माझ्याशेजारी पोत्यावर येऊन बसला.

“जळतो मी तुमच्यावर, पाव्हणं,” तो म्हणाला.

मला वाटलं, मीच बोललो.

“हसू नगा. माझ्याकडं लोक एकदा येत्यात. बघत्यात, वा वा करत्यात, जात्यात. परत येत न्हाईत. तुमच्याकडं पोर झालं की येत्यात, पोर पास झालं की येत्यात, पोराचं पोर झालं की येत्यात. एवडं सगळं केलं मी हितं. आन् माझ्याच घरात नात झाली तर मला पेढंच आठवलं.” त्यानं बोटं चाटली. “कढई मागितली ती ह्याच्यासाटी. म्हटलं, तुमच्यातलं कायतरी असावं हितं.”

मी त्याला म्हणालो, “माझी पोरगी आहे की.” चिडून म्हणणार होतो, पण तसं निघालं नाही.

परत

सोमवारी सकाळी वैजू मला फाट्यापर्यंत सोडायला आली. उसाला पाणी चालू होतं, पाटाच्या कडेनं चिखल झालेला. मी माझ्या मनाशी पक्कं केलं होतं. आजोबांनी जे कधी कबूल केलं नसतं, माझ्या वडिलांनी जे ऐकूनसुद्धा घेतलं नसतं, ते मी बोलणार होतो. बोललोही.

“चल घरी. कढईवर तूच बसायचं. मी साखर बघेन.”

मला वाटलं होतं, ती रडेल. निदान थांबेल तरी.

“इथंही कढईवर मीच बसते, आप्पा,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “आणि काल उलथणं दिलंत ते खवा लागत होता म्हणून. चांगला जमत असता तर दिलं असतंत का?”

मी रस्त्याकडं बघायला लागलो. एसटी लांबून दिसायला लागली. तिनं कागदात बांधलेली एक वडी माझ्या हातात दिली. “मी केलंय. आईला द्या. चैत्रात येईन मी, जत्रेला. राहायला नाही, पण येईन.” मग वाकून पाया पडली.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. कऱ्हाड मागं पडेपर्यंत मी त्या पुडीला हात लावला नाही. उंब्रज आलं आणि राहवेना. साडूचं चॉकलेट चाखायचं नाही असा माझा पण होता, पण मग म्हटलं, बघू तरी काय करतात. कोपरा तोडून तोंडात टाकला. आधी कडू लागलं, मग गोड. आणि सगळं विरघळून गेल्यावर मागं जे जिभेवर उरलं ते मी डोळे मिटूनही ओळखलं असतं. ते भाजणं माझ्या कढईतलं होतं. अगदी तेवढंच, जिथं मी उतरवतो तिथंच उतरवलेलं. दूध नाही, खवा नाही, परक्या मुलखातली बी, आणि तरी आमचंच. मला अभिमान वाटला आणि त्याहून जास्त त्या शेडचा हेवा वाटला. शेजारच्या बाईंच्या मुलीनं पुडीकडं बघितलं. मी पुडी खिशात घातली. इतका वाईट मी त्या दिवशी झालो होतो.

घरी पोचलो, दुकानाच्या मागंच आमचं घर. हिनं माझ्या मागं दाराबाहेर बघितलं. “नाही आली?”

“चैत्रात येईन म्हणाली.”

“राहायला?”

मी चपला काढत राहिलो. हिला कळलं. पाणी देत म्हणाली, “काही दिलं नाही का लेकीनं?”

मी उरलेली वडी काढून दिली. तुकडा तोडून तिनं तोंडात ठेवला, देवाचा प्रसाद खावा तसा सावकाश खाल्ला, आणि म्हणाली, “चांगलं आहे. जरा जास्त भाजलंय.”

“जास्त?” मी ओरडलोच. गल्ल्यावरचा गडी दचकून आत बघायला लागला. “काय कळतं तुला? साडूचं असलं म्हणून काय झालं? बरोबर भाजलंय ते! एवढंच भाजायचं असतं!”

हिनं पदरानं डोळे टिपले, उरलेली वडी कागदात गुंडाळली आणि दुकानात जाऊन पेढ्यांच्या परातीशेजारी ठेवली.